खातेदाराने स्वतः संपर्क साधावा

सेलूच्या बाजारओळीत बैलांच्या साजाचं एक दुकान आहे. पाटीवर नाव पुंडलिकराव साटोणे यांचं, पण गिऱ्हाईक विचारतं ते त्यांच्या बायकोला. "प्रमिलाबाईच्या हातची वेसण द्या." बैलाच्या नाकातून ओवायची ही दोरी दुसऱ्या कोणी वळली तर नाक सोलते, असं शेतकरी म्हणतात. बाईंच्या हातची मऊ असते. दोरी वळताना त्या ती पायाच्या अंगठ्यात ताणून धरतात आणि तोंडानं बोलत राहतात. पोळ्याच्या आधी दुकानात उभं राहायला जागा नसते, तेव्हा त्यांचं तोंड जास्तच सुटतं. एकदा एका शेतकऱ्यानं घुंगरमाळेसाठी फार घासाघीस केली, तर त्याला म्हणाल्या, "ने बाप्पा, फुकट ने. पण घरी गेल्यावर बैलाले सांगजो, का तुह्या गळ्यात काय आलं अन् कसं आलं."

मी त्यांच्या शेजारी राहतो. जिनिंगमध्ये कारकून होतो. आयुष्यभर लिहिलं ते कापसाच्या गाठींची आवक-जावक आणि साहेबांना अर्ज. एखाद्या माणसाविषयी लिहायची माझी ही पहिलीच वेळ आहे, आणि ते मला जमेल असं मला वाटत नाही. पण या प्रकरणातली इंग्रजी पत्रं मी लिहिली होती आणि आलेली उत्तरं मीच मराठीत वाचून दाखवली होती. तेवढ्या आधारावर लिहितो आहे.

प्रमिलाबाई माहेरच्या नाचणगावच्या. लग्न होऊन सेलूला आल्या आणि पहिली दोन्ही मुलं पाळण्यातच गेली. तिसऱ्या वेळी मुलगा झाला. तेव्हा आनंदाबाई नावाच्या सुईणीनं त्याला सुपात घातलं आणि घरामागच्या उकिरड्यावर नेऊन ठेवलं. मग तिनंच त्याला उचललं, वळसा घालून पुढच्या दारी आली आणि ओरडली, "उकिरड्यावर पोट्टं सापडलं वं माय, कोणी घेता का?" प्रमिलाबाईंनी सूपभर ज्वारी देऊन आपलंच मूल विकत घेतलं. त्याचं नाक टोचलं. ज्या घरात मुलं जगत नाहीत तिथं आमच्याकडे असं करत. मरणाला वाटावं, हे पोर यांचं नाही, कोणी तरी टाकून दिलेलं आहे, याला नेऊन काय करायचं.

एवढं गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. पुढचं त्या घरापुरतं होतं. आनंदाबाईनं जाताना बाळंतिणीच्या कानात एक नाव सांगितलं. बारशाला मुलाचं नाव धीरज ठेवलं, शाळेत धीरज, रेशनकार्डावर धीरज. पण राखणीचं नाव ते कानातलं. घरात दुसरं कोणी नसताना आईनं त्या नावानं हाक मारायची. मुलाला कळू लागलं की त्याला बजावायचं, कोणी कितीही विचारलं तरी हे नाव सांगायचं नाही. बापालासुद्धा नाही, कारण यम मुलाला शोधत येतो तो बापाच्या नावावरून. बापाला माहीत असलं तर तो झोपेत बडबडेल. पुंडलिकराव यावर हसायचे. "माह्याच पोराचं नाव मले माहीत नाई. उद्या तो हरवला तर मी पोलिसायले काय सांगू?"

आनंदाबाई पुढे वारली. नाव आई आणि मुलगा दोघांतच राहिलं.

धीरज अबोल होता. दुकानात बसवला तर गिऱ्हाईकाशी बोलायचा नाही, घुंगरं मात्र मापाप्रमाणे लावून ठेवायचा. वर्ध्याला संगणकाचा डिप्लोमा केला आणि पुण्याला नोकरी लागली. तेव्हा सेलूच्या बसस्टँडजवळ सपनानं नुकतंच नेटकॅफे उघडलं होतं. ही सपना शाळेत त्याच्याच वर्गात होती. पुण्याला जायच्या आधी धीरजनं तिच्याकडे बसून दोन ईमेल खाती उघडली, एक स्वतःचं आणि एक वडिलांच्या नावाचं. तो पुण्याहून लिहायचा, मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत. बाजाराच्या दिवशी प्रमिलाबाई कॅफेत जायच्या, पडद्यासमोर खुर्ची ओढून बसायच्या आणि सपना वाचून दाखवायची. वाचून झालं की त्या सपनाकडे न पाहता पडद्याशीच बोलायच्या. "जेवत जाय रे वेळेवर. अन् तुह्या त्या मॅनेजरले म्हण, माह्या मायनं मले सूपभर ज्वारी देऊन घेतलं, तू का फुकटात राबवतं?" सपना हसत हसत टाइप करायची.

दोन हजार सहाच्या श्रावणात, पोळ्याच्या तोंडावर, पुण्याहून फोन आला. मित्रांबरोबर धरणावर गेला असताना त्याचा पाय घसरला होता. पुंडलिकराव पुण्याला गेले. शोधाशोध करून जे हाती लागलं ते इकडे आणण्यासारखं नव्हतं. त्यांनी तिकडेच सगळं उरकलं. ओळख पटली ती नाकपुडीला टोचलेल्या भोकावरून.

ते परत आले तेव्हा मी त्यांच्या ओट्यावरच होतो. प्रमिलाबाईंनी दारातच विचारलं, "नाक पाह्यलं का?"

"पाह्यलं."

"टोचेल होतं?"

"हाव."

"नाक टोचेल पोट्टे का दुनियेत एकच असते?" असं म्हणून त्या आत गेल्या. तेरवी झाली, माणसं आली-गेली, पण त्या रडल्या नाहीत.

पुढच्या संक्रांतीनंतरची गोष्ट. भरदुपारी सपना दुकानात आली. ती नेहमी लांबूनच "काकू" म्हणून हाक मारत यायची, त्या दिवशी गुपचूप येऊन उभी राहिली.

"काका, मेल आला हाय."

"कोणाचा?"

सपनानं एकदा बाईंकडे पाहिलं. मग म्हणाली, "धीरजच्या पत्त्यावरून."

पुंडलिकरावांनी मला हाक मारली आणि आम्ही सगळे गेलो. कॅफेत दुसरं कोणी नव्हतं. पडद्यावर त्याचं नाव ठळक अक्षरात होतं, पूर्वी यायचं तसंच. सपनानं मेल उघडला. आत इंग्रजीत एकच ओळ होती, "हे बघा." खाली निळ्या अक्षरांत एक लांबलचक पत्ता.

"हे दाबू नाई काकू. अशात व्हायरस असते. कोणी तरी त्याचा पासवर्ड चोरला, अन् त्याच्या वळखीच्या सगळ्यायले धाडून राह्यला."

"माहं पोरगं पाह्य म्हणून राह्यलं, अन् तू दाबत नाईस?"

शेवटी सपनानं दाबलं. एक पान उघडलं. पांढरं. त्यावर काहीच नव्हतं. सपना ते बंद करायला गेली तर प्रमिलाबाईंनी तिचा हात धरला. मग आम्ही सगळे त्या पांढऱ्या पानाकडे पाहत उभे राहिलो. किती वेळ, ते सांगता येणार नाही. बाहेर बस लागल्याचा आवाज आला, माणसं चढली, बस निघून गेली. बाई पुढे वाकल्या, आणि त्यांच्या तोंडाची सावली काचेवर पडली.

"हाय काहीतरी," त्या म्हणाल्या.

"काय हाय? मोकळंच तर हाय," पुंडलिकराव म्हणाले.

"मले दिसून नाई राह्यलं. पण हाय."

घरी येताना पुंडलिकराव त्यांना पुन्हा पुन्हा चोरीचं समजावत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "चोरच असन, तर तो बघा काऊन म्हणन? चोर का दाखवून चोरते?"

होळीच्या सुमारास दुसरा मेल आला. तो मोठा होता आणि इंग्रजीत होता, म्हणून मला वाचायला बोलावलं. त्यात असं होतं: मी परदेशात अडकलो आहे. माझं सामान, कागद सगळं चोरीला गेलं. फोन चालत नाही. हे मी फक्त तुम्हालाच कळवतो आहे. लवकर उत्तर द्या. खाली नाव, धीरज.

मी वाचत असताना प्रमिलाबाई माझ्या तोंडाकडे पाहत होत्या. मला वाटलं होतं त्या काही विचारतील. त्या फक्त म्हणाल्या, "अडकला हाय. म्हून येत नाई."

त्या दिवसापासून त्या रोज कॅफेत जाऊ लागल्या. सकाळी सपना कुलूप काढायच्या आधी पायरीवर बसलेल्या असायच्या. घरी दोन्ही वेळा धीरजचं ताट वाढायच्या, आणि जेवणं झाली की ते झाकून ठेवायच्या. दोरी वळणं थांबलं. आणि एक दिवस वर्षश्राद्धाचा विषय निघाला तेव्हा त्यांनी नवऱ्याला तोंडावर सांगितलं, "जित्या पोराच्या नावाचं पान वाढान, तर त्याच पानापाशी मी जीव देईन."

पुंडलिकराव माझ्याकडे आले. "वासुदेवराव, मी त्याले माह्या हातानं आग देली. आता त्याचं पान वाढलं नाई तर तो कुठं जाईन? अन् ही दिवसेंदिवस त्या पडद्यात चालली. तुमी कंपनीले लिवा. ज्यायचं ते खातं हाय त्यायले. मले त्यायची एकच ओळ पाह्यजे, का हे तुमच्या पोरानं लिवलं नाई. माह्यं ती मानत नाई. कंपनीचं मानन."

कंपनी परदेशातली, मोठी. त्यांचं मदतीसाठीचं एक पान असतं, त्यात आपली अडचण लिहायची. सपनानं ते उघडून दिलं आणि मी जिनिंगमधल्या अर्जासारखा अर्ज लिहिला. सविनय विनंती वगैरे. मुलाच्या पत्त्यावरून संशयास्पद मेल येत आहेत, ते कोण पाठवतं हे कळवावं.

उत्तर लगेच आलं, म्हणजे सपनानं खिडकी बंद करायच्या आत. एवढ्या लवकर कोणी वाचलं कधी आणि लिहिलं कधी, मला समजेना. त्यात होतं: आमच्याशी संपर्क साधल्याबद्दल आभार. आपली काळजी आम्ही समजू शकतो. अनोळखी व्यक्तीकडून आलेले मेल उघडू नका, काढून टाका. खाली एका बाईचं गोरं नाव. आणि त्याखाली बारीक अक्षरात, "या उत्तराची आपल्याला मदत झाली का? होय. नाही."

"अनोळखी?" प्रमिलाबाई म्हणाल्या. "माह्या पोटचा अनोळखी?"

पुंडलिकरावांनी सपनाला "नाही" दाबायला सांगितलं. तर पुन्हा एक उत्तर आलं, तेच शब्द, फक्त खालचं नाव बदललेलं. या वेळी पुरुषाचं.

"हे घडीघडी नाव काऊन बदलवतेत?" बाईंनी विचारलं.

"दुसरा माणूस असन काकू. तिथं लय लोक असते."

"नाई. त्यायच्याबी मायनं नाव लपवलं असन," त्या म्हणाल्या. गमतीनं म्हणाल्या की कसं, मला कळलं नाही. सपना हसायला लागली आणि मधेच थांबली.

मग मी स्पष्ट लिहिलं. मुलगा वारला आहे, मृत्यूनंतर त्याच्या पत्त्यावरून मेल येत आहेत. उत्तर आलं: आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. पाठवणारी व्यक्ती आपल्या ओळखीची असल्यास तिला फोनसारख्या दुसऱ्या मार्गानं विचारा, की हा मेल आपणच पाठवला आहे का.

हे मी वाचून दाखवलं नसतं तर बरं झालं असतं. प्रमिलाबाई उठल्या आणि समोरच्या एसटीडी बूथवर गेल्या. धीरजचा मोबाइल नंबर त्यांना पाठ होता. आम्ही काचेबाहेर उभे होतो. त्यांनी रिसीव्हर कानाला लावला आणि बराच वेळ ऐकत राहिल्या. मग बाहेर आल्या, चेहऱ्यावर काही तरी मिळाल्याचा भाव.

"कोणी उचललं?" पुंडलिकरावांनी विचारलं.

"एक पोट्टी बोलली. म्हणते, तो क्षेत्राच्या बाहेर हाय. बाहेर हाय, म्हणते. नाई हाय, असं म्हटलं नाई."

पुंडलिकराव पायरीवर बसले.

पुढचं पत्र मी मृत्यूचा दाखला जोडून पाठवलं. सपनानं वर्ध्याला जाऊन तो स्कॅन करून आणला होता. उत्तर आलं, सुरक्षेच्या कारणास्तव अपरिचित व्यक्तीनं जोडलेले कागद आम्ही उघडत नाही. मी पुन्हा लिहिलं. उत्तर आलं, गोपनीयतेच्या नियमानुसार या खात्याविषयी आम्ही फक्त खातेदाराशीच बोलू शकतो. कृपया खातेदाराने स्वतः संपर्क साधावा.

हे शेवटचं वाक्य त्यानंतर प्रत्येक उत्तरात येऊ लागलं. मी शब्द बदलून लिहायचो, विनवून लिहायचो, एकदा तर रागावून लिहिलं. मेलेला माणूस कसा संपर्क साधणार, असं विचारलं. उत्तर तेच. आभार, दिलगिरी, खातेदाराने स्वतः संपर्क साधावा. खाली दर वेळी नवीन नाव. ते वाक्य मोठ्यानं वाचायची मला भीती वाटू लागली. कारण मी वाचलं की प्रमिलाबाई मान हलवायच्या. "तेच तर मी म्हणून राह्यली. त्यायलेबी माहीत हाय तो येईन म्हून. नाई तर असं काऊन लिवतीन?"

पुंडलिकरावांनी कंपनीकडून एक ओळ मागितली होती. कंपनी बायकोच्याच बाजूनं बोलत होती.

मग पुंडलिकरावांनाच एक सुचलं. ते बायकोला म्हणाले, "अवं, तो खरंच तुहा पोरगा असन तर त्याले ते नाव विचार. तू अन् तो सोडून कोणाले माहीत हाय?" मला हे पटलं. मला वाटलं, आता सुटेल.

सपनानं मेलला उत्तर लिहिलं, "तुझं घरातलं नाव सांग." आणि आम्ही वाट पाहत बसलो. दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर आलं. पलीकडे कोणी तरी होतं, जे आमचं वाचत होतं. त्यानं लिहिलं होतं: हे समजावून सांगायला आत्ता वेळ नाही. माझ्यावर विश्वास ठेवा.

"पाह्य!" पुंडलिकराव जवळजवळ ओरडले. "याले नाव माहीत नाई! हा धीरज नाई!"

प्रमिलाबाई हसल्या. इतक्या महिन्यांत मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहत होतो. "मीच तर शिकवलं होतं त्याले. कोणी कितीबी विचारलं तरी सांगजो नको. तुमी सगळे बसले होते ना इथं? कसा सांगन तो? पाह्य, कसं ध्यानात ठेवलं लेकरानं."

श्रावण तोंडावर आला होता.

शेवटी वाट कंपनीच्या एका उत्तरातूनच निघाली, पण ती त्यांनी दाखवली असं म्हणता येणार नाही. खातेदारानं संपर्क साधावा, याच्यापुढे एकदा आणखी एक ओळ होती. आपण खातेदार असाल आणि पासवर्ड विसरला असाल तर आपल्या गुप्त प्रश्नाचं उत्तर द्या. सपना म्हणाली, "काका, आपण करून पाहू. उघडलं तर खातंच बंद करून टाकू. मंग मेल येणार नाई." तिनं धीरजचा पत्ता टाकला. प्रश्न आला. तिनं तो वाचला, आणि माझ्याकडे पाहिलं.

लहानपणी घरी तुम्हाला कोणत्या नावानं हाक मारत?

पुंडलिकराव उभेच होते. ते म्हणाले, "सोन्या टाका." सपनानं टाकलं. हे उत्तर आमच्या नोंदीशी जुळत नाही. "बाळ्या टाका." जुळत नाही. पुंडलिकराव एकामागून एक नावं सांगत होते, दगडू, भिकू, फकिरा, आणि प्रत्येक वेळी ती ओळ येत होती. मधेच ते थांबले. "वासुदेवराव, माह्याच पोराच्या घराचं दार ठोकून राह्यलो, अन् आतून कोणी तरी म्हणते, तू कोण?"

"काय चाललं?"

प्रमिलाबाई दारात होत्या. त्या कधी आल्या, आम्हाला कळलं नव्हतं. त्या आत येऊन नेहमीच्या खुर्चीवर बसल्या. सपनानं घाबरत घाबरत प्रश्न मराठीत सांगितला.

"कोण विचारून राह्यलं?"

"कंपनी, काकू."

"तिले काऊन पाह्यजे?"

सपनाला खोटं बोलता आलं असतं. ती म्हणाली, "काकू, हा प्रश्न कंपनीनं नाई निवडला. खातं उघडताना आपणच निवडा लागते. धीरजनं निवडला. अन् उत्तरबी त्यानंच लिवून ठेवलं."

"कोणतं उत्तर?"

"नाव, काकू."

बाहेर रस्त्यावर कोणी तरी हातगाडी ढकलत नेत होतं. तिचा आवाज दूर गेला.

"म्हंजे त्यानं सांगून टाकलं," त्या म्हणाल्या. "कोणाले सांगतलं?"

"माणसाले नाई काकू. मशीनले."

"कुठं बसून?"

"इथंच. पुण्याले जायच्या आधी." सपनानं बोट दाखवलं. "याच खुर्चीत."

प्रमिलाबाईंनी खुर्चीच्या दोन्ही दांड्यांवर हात ठेवलेले होते. ते त्यांनी उचलून मांडीवर घेतले. मग अगदी साध्या आवाजात, दोरी संपली असं सांगावं तसं, त्या म्हणाल्या, "मंग बरोबर हाय. राखण तेव्हाच गेली." आणि पुंडलिकरावांकडे वळून, "तुमी पाह्यलं ते नाक त्याचंच होतं."

पुंडलिकरावांनी मान हलवली.

"सपना, इकडं ये." बाईंनी तिला जवळ ओढलं, तिच्या कानावरचे केस बाजूला केले आणि कानात काही तरी सांगितलं. आनंदाबाईनं त्यांच्या कानात असंच सांगितलं असेल. सपनानं टाइप केलं. आम्ही दोघा पुरुषांनी न सांगता तोंडं भिंतीकडे फिरवली होती.

खातं उघडलं. सपनानं घाईनं पडद्यावर हात धरला, पण बाईंनी विचारलंच, "काय लिवलं?"

"स्वागत हाय, म्हणते. अन् पुढं... पुढं ते नाव हाय, काकू. धीरज नाई. मेलवर धीरज यायचं, पण खात्याच्या आत त्यानं तेच नाव देलं होतं."

"वाच."

"या, तुमचं पुन्हा स्वागत हाय, असं हाय."

"बंद कर."

खातं कायमचं काढून टाकायचं बटण सपनानं शोधलं. यंत्रानं विचारलं, खात्री आहे का. होय म्हटल्यावर पुन्हा विचारलं, नक्की खात्री आहे का. बाई म्हणाल्या, "आमच्यात एकदाच विचारतेत," आणि स्वतःच्या बोटानं, सपनानं दाखवलेल्या जागी, दाबलं. त्या बोटाला दोरीनं पडलेला घट्टा मला दिसला. मग त्यांनी पदर तोंडाला लावला आणि तिथंच, त्या खुर्चीत, वर्षभराचं रडल्या. कॅफेत दोन गिऱ्हाइकं आली होती. ती दारातूनच परत गेली.

श्रावणात वर्षश्राद्ध झालं. स्वयंपाक त्यांनी एकटीनं केला, कोणाला हात लावू दिला नाही. पान वाढून गच्चीवर नेलं आणि ते ठेवून त्यांनी हाक मारली. धीरज म्हणून नाही. जे नाव बापालाही माहीत नव्हतं त्या नावानं, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी, मुलाला जेवायला बोलवावं तशी. मी खाली अंगणात होतो. माझ्या शेजारी पुंडलिकराव होते. त्यांनी ते नाव तेव्हा पहिल्यांदा ऐकलं आणि स्वतःशी हळूच एकदा उच्चारून पाहिलं. कावळा आला की नाही ते मी पाहिलं नाही. ते नाव मी इथं लिहीत नाही. गल्लीत ज्यांनी ऐकलं त्यांनी ऐकलं.

पोळा चार-आठ दिवसांवर होता. प्रमिलाबाई दुकानात अंगठ्यात दोरी ताणून बसल्या होत्या आणि एका गिऱ्हाइकाला त्याच्या बैलावरून टोमणे मारत होत्या. तेव्हा सपना आली, पुन्हा तशीच गुपचूप. बाईंनी तिच्याकडे पाहिलं, दोरी खाली ठेवली आणि चपला घातल्या.

वडिलांच्या खात्यात कंपनीचं पत्र आलं होतं; धीरजनं आपलं खातं उघडताना दुसरा पत्ता म्हणून तोच दिला होता. मी वाचलं. वरती "प्रिय" आणि पुढे ते नाव होतं. तिथं माझी जीभ अडखळली, पण मी ते उच्चारलं, कारण आता ते लपलेलं नव्हतं. आपण आम्हाला सोडून गेलात याचं आम्हाला वाईट वाटतं. आपलं नाव आम्ही आपल्यासाठी राखून ठेवलं आहे, ते दुसऱ्या कोणाला दिलं जाणार नाही. आपल्याला परत यावंसं वाटलं तर केव्हाही या.

पुंडलिकराव बायकोकडे पाहत होते. मी पाहत नव्हतो, मी पडद्याच्या तळाशी पाहत होतो, तिथं बारीक अक्षरातली नेहमीची ओळ होती.

"अजून काय लिवलं, भाऊजी?" त्यांनी मला विचारलं.

मी सांगितलं, "या उत्तराची आपल्याला मदत झाली का, असं विचारतात. होय का नाही."

आजवर आम्ही दर वेळी नाही म्हटलं होतं. सपनाचा हात सवयीनं तिकडेच गेला.

"होय दाब," प्रमिलाबाई म्हणाल्या.

"काऊन काकू? कायची मदत झाली?"

"नाई म्हटलं का ते पुन्हा लिवतेत," त्या म्हणाल्या, आणि सपनानं दाबेपर्यंत उभ्या राहिल्या. मग दुकानात गिऱ्हाईक खोळंबलं होतं, म्हणून निघाल्या.